यादीबाहेरचं मोहाचं झाड

माझं अक्षर देखणं होतं. हे मलाच सांगावं लागतं, कारण ज्या भिंतींवर ते होतं त्यातल्या निम्म्या पाडून झाल्या आणि उरलेल्यांवर फ्लेक्स लटकले. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, परकोटाच्या आत माझं पेंटिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक शिडी आणि टर्पेंटाइनचा वास. ऑटोच्या पाठीवरचे शेर, डॉक्टरांच्या भेटीच्या वेळा, कीटकनाशकांच्या जाहिराती, आणि निवडणूक आली की एकमेकांना शिव्या घालणाऱ्या दोन्ही पक्षांच्या घोषणा, सगळं माझ्याच ब्रशातून उतरायचं. अब्बा मला सांगून गेले होते, पेंटरने लिहावं, वाचत बसू नये. मी ते इमानेइतबारे पाळलं. त्यामुळे आयुष्यभर काय काय लिहून ठेवलं याचा विचार करायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही. एकदाच आली, ती एका आकड्याने.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. एका खाण कंपनीचा माणूस दुकानात आला आणि म्हणाला, "भाई, पेड पे नंबर डालते क्या?" मी म्हटलं, झाड हलणार नसेल तर टाकतो. तो हसला नाही. कंपनीच्या माणसांना हसायचीही परवानगी वरून आणावी लागत असावी.

प्रकरण असं होतं. गोंडपिपरीच्या पुढे, नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो, त्याच्या अलीकडे जंगलाचा एक तुकडा होता. तिथे कंपनीला खाण काढायची होती. जमिनीच्या खाली काय आहे यावर कोणाचंच भांडण नव्हतं. भांडण होतं वर काय आहे यावर. कंपनी म्हणायची, वर नुसती झुडपं आहेत, मधे चार-दोन झाडं असतील ती तोडायची परवानगी द्या. वनखातं म्हणायचं, तिथे घनदाट जंगल आहे, पानही तोडू देणार नाही. एवढ्या एका मुद्द्यावर दोन वर्षं कागद चांद्याहून नागपूरला, नागपूरहून दिल्लीला जात होते आणि तिथून "अधिक माहिती सादर करावी" असा शेरा कपाळावर घेऊन परत चांद्याला येत होते. आता जंगल काही पळून गेलेलं नव्हतं. एसटीने गोंडपिपरीला उतरून कोणीही डोळ्यांनी बघून आलं असतं. पण डोळ्यांनी बघितलेलं फायलीला टाचता येत नाही. शेवटी हुकूम आला की दोन्ही बाजूंनी मिळून झाडं मोजावीत आणि मोजलेल्या प्रत्येक झाडावर नंबर टाकावा. म्हणून मी.

पहिल्याच दिवशी आकड्यांवरून जुंपली. कंपनीला आकडे इंग्रजी हवे होते, कारण तिचे मोठे साहेब मराठी वाचत नसत. खात्याला मराठी हवे होते, कारण तसं परिपत्रक होतं. मोठे साहेब झाडं वाचायला जंगलात येणार आहेत का, असं कोणी विचारलं नाही. अर्धा दिवस यातच गेला, मी एका पळसाखाली डबा खाऊन घेतला. शेवटी मराठी आकडे ठरले. मला आनंद झाला, कारण इंग्रजी आकडे कोणीही काढतो. मराठी चार काढावा तर आमच्या घराण्याने.

मग छातीचं भांडण निघालं. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा आणि तो ठरलेल्या मापापेक्षा कमी भरला तर ते झाड नाही, झुडूप, असा नियम होता. नियमात ती उंची मीटरमध्ये लिहिलेली असणारच. पण जंगलात नियम कोण घेऊन फिरतो, सगळे आपापली छाती घेऊन फिरतात. कंपनीने धाडलेला सर्व्हेअर सहा फुटांच्या वर होता. तो हात वर करून टेप लावायचा, जिथे खोड बारीक होत जातं तिथे, आणि वरून टेप असा आवळायचा की झाडाला ठसका लागावा. वनखात्याचा गार्ड बुटका होता. तो टेप ओढून खाली बुंध्याशी न्यायचा आणि दोन बोटं आत घालून ढिला धरायचा. एकाच्या छातीवर जे झुडूप ठरे, ते दुसऱ्याच्या छातीवर झाड होई. कंपनीने नागपूरहून मुद्दाम उंच माणूस शोधून आणला, असं गार्डचं पक्कं मत होतं. "आमच्या खात्यात असा लंबा माणूस भरतीच नाई करत," तो मला म्हणाला, आणि त्याला त्याचं खरोखर वाईट वाटत होतं.

त्यांचं ठरेपर्यंत मी डबा आणि ब्रश घेऊन उभा. ठरलं की मजूर कुऱ्हाडीने साल हलकेच तासायचा, त्यावर डांबराचा पट्टा मारायचा, पट्टा सुकला की मी पांढऱ्या ऑइल पेंटने नंबर टाकायचा. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, सगळ्यांना एकाच मापाचे आकडे. वीस-बावीस दिवस हे चाललं. त्या जंगलात माझं जेवढं अक्षर आहे तेवढं अख्ख्या चांद्यात नसेल.

गावातल्या बाया रोज येऊन लांब उभ्या राहायच्या. साग-ऐनाला नंबर पडला की गप्प. मोहाच्या झाडापाशी आम्ही पोचलो की कुजबूज सुरू. सर्व्हेअरला वाटायचं, हे सगळं बेवारस रान आहे. मला गार्डने सांगितलं म्हणून कळलं की तिथला प्रत्येक मोह कोणा ना कोणाच्या घरचा आहे. जमीन सरकारची, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडाखालचा पालापाचोळा झाडून, जाळून जागा साफ कोण करतो आणि पडलेली फुलं कोण वेचतो, हे बापजाद्यांपासून ठरलेलं. कुठे लिहिलेलं नाही, आणि चूक कोणी करत नाही. आमच्या परकोटात लोक रजिस्ट्री खिशात घालून एकमेकांची भिंत खातात. इथे कागदाचा तुकडा नसताना एकाची फुलं दुसरा उचलत नव्हता.

निदान उचलू नयेत अशी रीत होती.

मोजणीच्या शेवटच्या दिवशी अकराशे सत्तेचाळीसावर काम संपलं. सर्व्हेअर आणि गार्ड, ज्यांनी वीस दिवस एकमेकांच्या छातीवरून तोंड पाहिलं नव्हतं, ते कंपनीने दिलेल्या गावठी कोंबड्यावर एकदम सख्खे भाऊ झाले आणि मजुराला बरोबर घेऊन नाल्याकडे चूल मांडायला गेले. मला म्हणाले, सामान आवरून ये. मी ब्रश धूत होतो. तेवढ्यात बायांमधली एक पुढे आली. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने वाळकी, हातात विळा.

"पेंटरभाऊ, माह्या झाडाले नंबर काऊन नाई टाकला?"

"कोणतं झाड, बाई?"

तिने विळ्याने दाखवलं. हद्दीचा पांढरा दगड होता, त्याच्या पलीकडे दहा पावलांवर एक मोठा मोह. मी म्हटलं, तो हद्दीबाहेर आहे, तो मोजायचा नाही.

"काऊन? त्यानं का वाईट केलं?"

मी म्हटलं, बाई, नंबर पडला नाही ते बरंच झालं, हे नंबर तोडायसाठी आहेत. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली.

"तोडाले कोनी नंबर टाकते का? तोडनारा कुऱ्हाड घेऊन येते. तुमी तं रंग घेऊन आले."

मग तिने मला समजावून सांगितलं, शहरातल्या माणसाला सांगावं तसं सावकाश. मागे घरं मोजायला माणसं आली होती. दारांवर नंबर टाकत गेली. हिचं झोपडं गावाच्या टोकाला, भावाच्या घरामागे, ते सुटलं. "सगळ्याइले रेशन कार्ड भेटलं, मले नाई भेटलं. दोन वर्स चकरा मारल्या. साहेब म्हने, तुह्या घराले नंबरच नाई तं तुह्यं घर आहे कुठी? आता झाडाचं तरी तसं नका होऊ देऊ जी."

तिची गोष्ट दोन वाक्यांची होती. नवरा मेल्यावर ती माहेरी परत आली. बापाने मरायच्या आधी सगळ्या घरादेखत बोट दाखवून सांगितलं, हा मोह बाईचा. शेत भावाला, बाकीचे मोह भावाला, हा एक हिला. तिचं वर्षाचं मीठमिरची, कपडा, दवापाणी त्या झाडाखाली पडायचं. बाप गेला, आणि दोन वर्षांनी भाऊ म्हणायला लागला की म्हातारा शेवटी भ्रमात होता. त्याच्या सुना उजाडायच्या आत येऊन फुलं वेचून न्यायच्या. ही पोचेपर्यंत खाली चोखलेलं अंगण. तिला सरकारचा नंबर हवा होता तो भावाला दाखवायला.

मी मनाशी हिशेब केला. झाड हद्दीबाहेर. यादी अकराशे सत्तेचाळीसावर बंद, त्यावर दोघांच्या सह्या. यादीत नसलेल्या नंबराला कोण विचारतो? डब्यात रंग उरलेला, डांबर उरलेलं. आणि खरं सांगायचं तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी माझ्याकडे नंबर मागायला आलं होतं. तिनेच विळ्याने साल तासून दिली. मी तिच्या मोहावर अकराशे अठ्ठेचाळीस टाकला. त्यातला चार असा उतरला की मी दोन पावलं मागे जाऊन पाहत राहिलो. तिने कमरेच्या गाठोड्यातून भाजलेला मोह आणि जवस कुटून केलेले दोन लाडू काढून माझ्या हातावर ठेवले. मी ते वाटेतच खाल्ले, आणि नाल्यावर कोंबडाही खाल्ला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावाच्या रस्त्यावर सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात रंगवायला गेलो तेव्हा ती पुन्हा भेटली. चेहरा उजळलेला. नंबर लागू पडला होता. भावाने झाडासमोर उभं राहून तो वाचला, तलाठ्याला विचारलं, तलाठी म्हणाला नंबर सरकारी दिसतो. तलाठ्याने अंगावर येणारं काहीच कधी म्हटलेलं नसतं. झालं, सुनांनी यायचं बंद केलं. "आता दिवस निघाल्यावर जातो मी, आरामात," ती म्हणाली. माझ्या एका आकड्याने जे केलं ते तिच्या बापाच्या शेवटच्या शब्दाला करता आलं नव्हतं. मला आपल्या धंद्याचा भलताच अभिमान वाटला. घरी येऊन बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, मग कोर्टासमोर दुकान टाका.

इकडे फाइल फिरतच होती. कंपनी म्हणाली, अकराशे सत्तेचाळीस म्हणजे काहीच नाही, आम्ही त्याच्या दुप्पट रोपं लावू. कुठे लावणार, तर जिथे आधीच झाडं होती अशा एका जागेवर. खातं म्हणालं, मोजणी संशयास्पद आहे, टेप आवळलेला होता. कंपनी म्हणाली, टेप ढिला होता. टेपवर किती पत्रं गेली देव जाणे. मग तपासणीसाठी नागपूरहून एक पथक आलं. त्यांनी यादी हातात धरून एकेक झाड ताडून पाहिलं, सगळं जुळलं. परत निघताना त्यातल्या एकाला लघवीला लागली आणि तो दगडाच्या पलीकडे गेला.

तो धावतच परत आला म्हणतात.

अकराशे अठ्ठेचाळीस! यादीत नाही, पण जमिनीवर आहे. खात्याने लिहिलं की कंपनीने झाडं लपवली, हे एक सापडलं, न सापडलेली किती असतील? कंपनीने लिहिलं की हे झाड आमच्या हद्दीतच नाही, आमची बदनामी करायला खात्याच्याच माणसाने हा नंबर टाकला. तोपर्यंत अकराशे सत्तेचाळीस झाडांबद्दल भांडणारे सगळे ती झाडं विसरून एका झाडावर तुटून पडले. वर्तमानपत्रात चौकट आली. दोन्हीकडच्या वकिलांनी त्या झाडाचे फोटो काढले. त्या मोहाला इतकी माणसं भेटायला येऊ लागली की बाईला वाटलं, आता काहीतरी मोठं मिळणार.

चौकशीसाठी एक अधिकारी नेमले गेले. चष्मा लावणारे, हळू बोलणारे, देशाकडचे, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले. त्यांनी मला बोलावणं धाडायच्या आदल्या दिवशी गार्ड माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला.

"पेंटर, त्या शेवटच्या दिवशी मी कुठी होतो?"

"झाडं मोजून राह्यले होते."

"हां. आन् तू?"

"तुमच्याचसोबत."

"मंग अकराशे अठ्ठेचाळीस कोनं टाकला?"

"मले काई माहीत नाई."

"शाब्बास," तो म्हणाला. मी कबूल केलं असतं तर पुढचा प्रश्न येणार होता, तेव्हा तुमच्यासोबत कोण होतं? आणि कोणी नव्हतं म्हटलं की कोंबडा फायलीत आला असता. कंपनीचा कोंबडा आणि खात्याचं पोट. सर्व्हेअरचाही फोन आला, त्याचंही हेच म्हणणं. त्या दोघांचं इतकं एकमत मी पूर्ण मोजणीत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या अधिकाऱ्यांपुढे बसलो. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा लावला, चहा मागवला. सरकारी कचेरीत मला चहा मिळाला तो तेवढाच. त्यांनी झाडाचा फोटो पुढे सरकवला आणि म्हणाले, "हे बघा, घाबरू नका. हा नंबर तुमच्या हातून पडला असेल तर तसं सांगा. माणसाकडून चूक होते. मी दोन ओळी लिहून घेतो, नंबर खरवडून टाकतो, विषय इथेच मिटला."

फोटोत माझा चार होता. माझ्याकडेच बघत होता.

मला कंपनीच्या ऑफिसच्या पाट्या आठवल्या, त्या मीच रंगवत होतो. खात्याचे "वाघापासून सावध" असे फलक आठवले, तेही माझेच. खरं बोललो तर दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. शिवाय चौकशी हा शब्द ऐकला की आमच्या मोहल्ल्यात माणूस आधी वकील शोधतो आणि मग गुन्हा विचारतो. मी म्हटलं, मला माहीत नाही.

"मग एक करा," ते म्हणाले, "या फळीवर अकराशे अठ्ठेचाळीस काढून दाखवा."

मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात घाणेरडं अक्षर त्या फळीवर काढलं. एक वाकडे, आठ लोळलेला, आणि चार तर असा की अब्बा असते तर तिथेच कानाखाली वाजवली असती. अधिकाऱ्यांनी फळी आणि फोटो शेजारी धरले, चष्मा वर केला, खाली केला. बाकीच्या झाडांवरही माझेच चार होते, पण ती झाडं फायलीला टाचलेली नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "हा दुसराच हात आहे. कसलेला पेंटर दिसतो. तुम्ही जाऊ शकता."

मी पायऱ्या उतरलो तेव्हा सुटल्याचा आनंद जास्त होता की अपमानाचा राग, हे मला आजही ठरवता येत नाही. लाज वाटली नव्हती, एवढं खरं. ती यायला अजून वेळ होता.

कोणीच कबूल होईना, म्हणून खात्याने अज्ञात इसमाविरुद्ध वनगुन्हा नोंदवला. सरकारी झाडावर बेकायदेशीर नंबर टाकला, हा गुन्हा. गुन्हा आला म्हणजे मुद्देमाल आला. मुद्देमाल कोणता? ज्यावर नंबर आहे ते झाड. आणि मुद्देमाल म्हटला की तो सुरक्षित ताब्यात असला पाहिजे, असा कायदा. रानात दगडाच्या पलीकडे उभा असलेला पुरावा उद्या कोणी खरवडला तर जबाबदार कोण? गार्डला रात्रंदिवस झाडाखाली बसवायचं, तर त्याला बाकी कामं होती. नंबराभोवतीची साल सोलून न्यावी, असं एकाने सुचवलं, तर दुसरा म्हणाला, पुराव्यात छेडछाड होईल. या सगळ्या विद्वानांनी मिळून असं ठरवलं की झाड तोडून डेपोत जमा करावं.

कंपनीला चार वर्षं नाक घासून एक काडी तोडायची परवानगी मिळाली नव्हती. खात्याने स्वतःला ती चार दिवसांत दिली. बेकायदेशीर नंबर टाकल्याच्या गुन्ह्यात, गुन्हेगार सापडेना म्हणून, झाडाला अटक झाली आणि तिथेच फाशी. गार्ड मला हे सांगायला आला तेव्हा तोही हसत होता आणि मीही. हसता हसता मी विचारलं, "आन् ते बाई?"

"कोनती बाई?" तो म्हणाला.

त्या बाईचं नाव अख्ख्या फायलीत कुठेही नव्हतं. असणार कसं, झाड तर सरकारचं होतं.

कंपनीचं पुढे काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. वरच्या कोणा कचेरीने नाही म्हटलं, का कंपनीचंच मन दुसऱ्या जिल्ह्यावर गेलं, कोण जाणे. दोन्ही बाजूंनी आपण जिंकलो असं सांगितलं. खात्याने जंगल वाचवल्याचा एक फलक गावाच्या फाट्यावर लावायचा ठरवला आणि रंगवायला मला दिला. मी तो रंगवला. चांगला रंगवला.

तो लावायला गेलो ते मोहाचे दिवस होते. फलक ठोकून झाल्यावर पाय आपोआप रानाकडे वळले. अकराशे सत्तेचाळीसच्या अकराशे सत्तेचाळीस झाडं उभी होती. वाढत्या सालीने माझे आकडे फाटायला लागले होते. प्रत्येक मोहाखाली एकेक घर वाकून फुलं वेचत होतं, पोरंटोरं, म्हातारे, सगळे. दगडाच्या पलीकडे एक बुंधा होता, गुडघ्याएवढा.

बाई भावाच्या झाडाखाली होती. वाट्याने वेचत होती, चार टोपल्या भावाच्या घरी, मग एक तिची. सुना बोलत-हसत होत्या आणि ती त्यांच्या मागे राहिलेलं उचलत होती. मला पाहून उठली, पदराला हात पुसले, पाणी पाहिजे का विचारलं. मी बुंध्याकडे पाहिलं. काही बोलायला पाहिजे म्हणून म्हटलं, बाई, वाईट झालं.

"चष्मेवाले साहेब आले होते ना तवा," ती म्हणाली. "माह्या वट्यावर बसले. चांगला माणूस. म्हने, नंबर कोनं टाकला तेवढं सांग बाई, तुह्यं झाड सोडून देतो."

"मग?"

"मंग का? मी म्हटलं मले नाई माहीत." ती पुन्हा खाली बसली, फुलं वेचायला लागली. "तुमचं सांगतलं असतं तं तुमाले धरून नेलं असतं, भाऊ. लेकराबाळाचे मानूस तुमी. मी मागतलं म्हनून तं टाकला तुमी."

ती माझ्यावर रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला कुठेतरी धरायला जागा मिळाली असती. तिच्या आवाजात उलट थोडी काळजी होती, की त्या प्रकरणात मला काही त्रास तर झाला नाही ना. मी म्हटलं, नाही, मला काही त्रास झाला नाही. त्याच साहेबांनी मलाही तेच विचारलं होतं, पंख्याखाली बसवून, चहा देऊन, हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या शेजारी बसून थोडी फुलं वेचली, ती तिच्या टोपलीत टाकली, आणि गोंडपिपरीची एसटी धरली.